पाहुणीचं जाळं

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तळ्यावर माशांची पिलं मोजायला गेले होते, असं सांगितलं की आमच्या मालवणात लोक आधी हसतात आणि मग विचारतात, तिकडे पाणी तरी आहे का? प्रश्न गैर नाही. जायच्या आधी मलाही तो पडला होता. आता परत येऊन बरेच महिने झाले. पाण्याबद्दलची शंका फिटली, पण माशांबद्दल, माणसांबद्दल आणि मोजण्याबद्दल डोक्यात जो गुंता झाला तो तसाच आहे. लिहिलं तर सुटेल, असं नवऱ्याचं म्हणणं. तो शिक्षक आहे, त्याचा लिहिण्यावर फार विश्वास. मी आपली लिहिते आहे.

तळ्याकाठच्या गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. माझ्यासारखे आणखी पाहुणे तिथे जाऊ नयेत, एवढाच हेतू. का, ते पुढे कळेल.

सात रस्ता

मत्स्यखात्यात मला हंगामी नोकरी लागली तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा कणकवलीच्या शाळेत, मी सोलापुरात. समुद्र दाराशी असताना मासे बघायला सोलापूरला जायचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं सासूबाई निघताना म्हणाल्या. मी भवानी पेठेत एका तेलुगू विणकर कुटुंबाच्या माडीवर खोली घेतली. खाली दिवसभर मागांची खटखट चालायची. लाटांच्या आवाजावर झोपणारी मी, महिन्याभरात त्या खटखटीवर झोपायला शिकले. आठवड्याच्या सुट्टीला माग थांबले की उलट झोप मोडायची.

आमचं ऑफिस सात रस्त्याजवळ होतं. साहेब भले गृहस्थ, पण जगातल्या सगळ्या गोष्टी मोजता येतात असं मानणारे. दिवाळी होऊन गेल्यावर एके सकाळी त्यांनी टेबलावर नकाशा पसरला आणि मला काम समजावून सांगितलं. मैंदर्गीच्या पुढे एक मोठं जुनं तळं आहे. बहात्तरच्या दुष्काळात ते पार आटलं, तळाच्या चिखलाला भेगा पडल्या, होता तो मासा संपला. पुढे पाऊस झाला, तळं भरलं, आणि खात्याने त्यात मत्स्यबीज सोडलं. रोहू, कटला, मृगळ यांची डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी पिलं. ती जगली की मेली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जगली असतील तर आता बोटाएवढी झाली असतील आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात सापडतील.

"ती आहेत की नाहीत, तेवढंच मला पाहिजे," साहेब म्हणाले. त्या तेवढंच या शब्दाच्या पोटात काय होतं, ते त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. तळ्यावर पिढ्यान् पिढ्या तिथल्या भोयांची जाळी पडत आली होती. पिलं भरपूर जगली असतील तर तळं त्यांच्याच सोसायटीकडे ठेवायचं. नसतील तर याचा अर्थ त्यांना तळं राखता येत नाही, म्हणून जाहीर लिलाव करायचा. शहरातले एक-दोन ठेकेदार डोळा ठेवून होतेच. म्हणजे सात-आठ भोई घरांची चूल माझ्या जाळ्यावर अवलंबून होती, आणि मी आयुष्यात गोड्या पाण्यातला मासा ताटातसुद्धा कधी बघितला नव्हता.

मैंदर्गीच्या पुढे

एसटीचं वर्णन करत नाही, कारण ती सगळीकडे सारखीच असते. मैंदर्गीला उतरले तर बाजाराचा दिवस. मराठीत भाव विचारायचा, कानडीत घासाघीस करायची आणि पुन्हा मराठीत शिव्या घालून माल घ्यायचा, अशी तिथली रीत दिसली. मला न्यायला तुकाराम भोई बैलगाडी घेऊन आला होता. उंच, काळा, मितभाषी माणूस. जाळ्याचं गाठोडं त्याने एका हाताने उचलून गाडीत टाकलं, माझी ट्रंक मात्र दोन्ही हातांनी, हळूच ठेवली. वाटेत ज्वारी उभी होती, करडईला काटे धरले होते, आणि मैलोगणती झाड म्हणून नव्हतं. मग एक चढ संपला आणि समोर ते तळं आलं. सूर्य कलला होता. एवढ्या कोरड्या मुलखात एवढं पाणी बघून मला एकदम घरची आठवण आली आणि खाऱ्या वासासाठी मी नाक वर केलं. वास आला तो शेणाचा आणि ओल्या मातीचा.

माझी उतरण्याची सोय बसम्मा अक्कांकडे केली होती. त्यांच्या घरी भुसाराचा व्यापार, गळ्यात लिंग, घर लखलखीत. मासे या शब्दालाही त्या घरात जागा नव्हती. त्यांनी दारातच अटी सांगितल्या. तळ्यावरून आल्यावर परसात आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, आणि औषधात बुडवलेले मासे ठेवायच्या माझ्या बाटल्या गोठ्यात राहतील. मी मान डोलावली. मग त्यांनी पाटावर बसवून कडक भाकरी, तेलात न्हालेली भरली वांगी, शेंगाची चटणी आणि वर घट्ट दही वाढलं. कडक भाकरी पहिल्यांदा बघितली तेव्हा ती ताटात ठेवायचं झाकण आहे असं वाटलं होतं. चार दिवसांत मी ती कुरुम कुरुम खाऊ लागले. पण खरं सांगायचं तर दिवसभर मासे हाताळून संध्याकाळी वांगं खाणं हे मालवणच्या मुलीला जड जातं. झोपेत मला सुरमईची तुकडी दिसायची.

"ऊट आयतेनु?" असं अक्का रोज विचारायच्या. जेवण झालं का, असं. जेवायला त्यांनीच वाढलेलं असायचं, तरी विचारायच्या.

काठ

साहेबांनी नकाशावर काठाने आठ जागा ठरवून दिल्या होत्या. तुकारामने प्रत्येक जागी चुना फासलेला दगड ठेवला. काम असं: बारीक भोकांच्या लांब जाळ्याचं एक टोक काठावर एकाने धरायचं, दुसरं टोक कमरेएवढ्या पाण्यातून अर्धगोल फिरवून पुन्हा काठाला आणायचं, आणि दोघांनी मिळून हळूहळू ओढायचं. आत येतील ती पिलं पाण्याच्या घमेल्यात घ्यायची, ओळखायची, पट्टीवर मोजायची आणि लगेच परत सोडायची. आमच्याकडे समुद्रावर ओढतात त्या रापणीचंच हे लहान भावंड. रापणीला अख्खा गाव दोर ओढतो आणि ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा मिळतो. वाटसरूसुद्धा कालवणापुरती मासळी घेऊन जातो. इथे मात्र दोराला आम्ही दोघंच होतो आणि वाटा कुणालाच नव्हता.

पहिल्याच सकाळी काठावर पाच-सहा भोईणी जमल्या. त्यात तुकारामची बायको गंगूबाई पुढे. चाळिशीची असेल, नाकात ठसठशीत चमकी, बोलणं कमी आणि हसणं पुष्कळ. तिने माझ्या हिरव्या बांगड्या बघितल्या, मंगळसूत्र बघितलं, नवरा कुठं असतो ते विचारलं आणि स्वतःचं समाधान करून घेतलं. मी लुगड्याचा काचा मारून पाण्यात उतरले तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग कुणी धुणं काढलं, कुणी घागर घेऊन पाण्यात उतरली. जाळं ओढलं तर आत चांगली साठ-सत्तर पिलं वळवळत होती. रोहू होते, कटला होते. मला इतका आनंद झाला की मापं घेताना पट्टी उलटी धरली. सगळी मोजून मी परत पाण्यात ओतली. गंगूबाईचं हसू मावळलेलं मला दिसलं, पण मासे परत सोडणारी बाई तिने कधी बघितली नसेल, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी शंभरावर पिलं आली. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मला हरखून जायला हवं होतं, पण माझं डोकं चक्रावायला लागलं. एका जागी काठ नुसता खडकाळ, शेवाळसुद्धा नाही, खायला काही नाही, लपायला काही नाही. तिथे तर सगळ्यांत जास्त मासे. सगळे साधारण एकाच मापाचे. काहींच्या अंगावरचे खवले निघालेले, काही निपचित. पुस्तकात असं काही नव्हतं. तुकारामला विचारलं तर तो आभाळाकडे बघून म्हणाला, "मासा हाय. फिरतुय की." आणखी विचारलं तर तो जाळं झटकायला लागला. ताकास तूर लागू देत नव्हता.

दुसरी एक गोष्ट होती. आम्ही कुठल्याही जागी गेलो तरी बायका घागरी घेऊन यायच्याच. गावापासून कितीही लांब असो. मला वाटलं, या तळ्याचं पाणी फार गोड असावं. अक्कांना तसं विचारलं तर त्यांनी नाक मुरडलं. गावात चांगला आड असताना तळ्याचं पाणी पितं कोण, म्हणाल्या. म्हशीसुद्धा कुरकुरतात.

शेपटीची खूण

तेच मासे पुन्हा येतात की नवे, हे कळायला एक युक्ती असते. पकडलेल्या पिलाच्या शेपटीचं वरचं टोक तिळाएवढं कापायचं आणि सोडून द्यायचं. पुढच्या वेळी कापलेले किती आणि शाबूत किती, यावरून तळ्यात एकूण किती असतील त्याचा अंदाज बांधता येतो. कापलेले थोडे आले तर तळं माशांनी भरलेलं. कापलेलेच पुन्हा पुन्हा आले तर मासे तेवढेच. मी एक दिवस तिसऱ्या दगडापाशी बसून बारीक कात्रीने शेपट्या कापल्या. बायका अगदी जवळ येऊन बघत होत्या. त्यांच्यात काहीतरी कुजबुज झाली आणि एकजण डोळे पुसताना दिसली. माशांची एवढी माया, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तळ्याच्या पलीकडच्या काठाला गेलो. मधे दोन मैलांचा वळसा. जाळं ओढलं, घमेल्यात डोकावले. निम्म्याहून जास्त पिलांच्या शेपट्या कापलेल्या होत्या. बोटाएवढं पिलू एका रात्रीत एवढं लांब येत नाही. आलंच तरी सगळी मिळून, ठरवल्यासारखी, नेमकी माझ्या दगडापाशी कशी येतील? देवा, ह्यां काय, असं माझ्या तोंडून अगदी घरच्या बोलीत निघालं. त्या संध्याकाळी मी परसात आंघोळ करताना मागे वळून बघितलं. मासे माझ्या मागे लागलेत असा संशय येऊ लागला होता.

उलगडा झाला तो पाण्याचं तापमान घेताना. जाळं पाण्यात पसरलेलं होतं, तुकाराम पलीकडचं टोक धरून उभा होता, आणि मी काठाशी वाकून थर्मामीटर बुडवला होता. पायवाटेने गंगूबाई आली. डोक्यावर घागर, मान ताठ, चाल सांभाळून, आणि खांद्यावरून पाण्याचे थेंब ओघळत होते. पाणी भरायला येणारी बाई भरलेली घागर घेऊन येत होती. ती सरळ माझ्या जाळ्याच्या अर्धगोलात शिरली, घागर उतरवली आणि वाकडी केली. पाण्याबरोबर चकाकती पिलं भळभळ बाहेर पडली. मग तिने पदर सारखा केला, माझ्याकडे बघून हसली, आणि रिकामी घागर काखेला लावून बाजूला झाली. लपवाछपवी काहीच नव्हती. पहिल्या दिवसापासून ती हे माझ्या नाकासमोर करत होती आणि मी पट्टी, कात्री आणि थर्मामीटर बघत होते.

माझा पारा चढला. मी सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. ही सरकारची फसवणूक आहे, तळं हातात ठेवायला तुम्ही मासे पेरताय, माझी नोकरी घालवाल, असं बरंच काही. गंगूबाईचा चेहरा उतरला. ती वळली. घागर घेऊन निघून गेली आणि तिच्यामागून बाकीच्या गेल्या. तुकारामने जाळं गोळा केलं, खांद्यावर टाकलं, आणि तोही गेला. उरले मी आणि चुन्याचा दगड.

अक्कांचं परस आणि भोईवाडा

मी भर दुपारी परत आलेली बघून अक्कांनी विचारलं काय झालं. मी परसात पाणी अंगावर घेता घेता सगळं सांगितलं. मासे हा शब्द त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच एवढ्या वेळा उच्चारला असेन. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग मलाच फैलावर घेतलं.

"वटी कोन परत वततं व्हय, अव्वा?" त्या म्हणाल्या. "तुमच्यात चालतंय का असं?"

मग त्यांनी समजावलं ते असं. भोयांच्या पाण्यावर आलेल्या पाहुणीने जाळ्याला हात लावला तर तिचं जाळं रिकामं वर येऊ द्यायचं नाही, अशी त्यांची रीत आहे. त्यातून मी नवी सवाशीण, माहेर-सासर सोडून एकटी आलेली. माझी ओटी भरायची ती त्यांच्यापाशी असलेल्या गोष्टीनेच, म्हणजे माशांनी, आणि तीही त्यांच्या रीतीप्रमाणे जाळ्यातच. पहिल्या दिवशी त्यांनी भरली. मी ती मोजली आणि त्यांच्यादेखत परत पाण्यात ओतली. कमी पडलं असेल, पाहुणीच्या मनास येईना, असं समजून त्यांनी दुसऱ्या दिवशी जास्त भरली. मी तीही ओतली. असं रोज चाललं. वर एक दिवस मी ओटीतल्या जिवांच्या शेपट्या कापल्या. ही बाई आपल्यावर एवढी का रागावली आहे, हे त्या अक्कांनाच येऊन विचारून गेल्या होत्या. तुकारामला सगळं दिसत होतं, पण बायकांच्या ओटीत गड्याने बोलायचं नसतं, म्हणून तो आभाळाकडे बघत होता.

अक्का स्वतः माशाची सावली अंगावर पडू देत नाहीत. तरी त्या वेळी त्या पूर्णपणे भोईणींच्या बाजूने होत्या.

मला लाज वाटली आणि रागही पुरता गेला नव्हता. उन्हं कलल्यावर मी भोईवाड्यात गेले. गंगूबाई ज्वारी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवून मला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, आणि समोर बसली. मी चुकले म्हणाले. तिने मान हलवली. मग मी न राहवून विचारलं की हे खरोखर ओटीसाठी केलं की तळ्यासाठी, कारण तळ्याचं काय होणार हे साऱ्या गावाला माहीत होतं.

"पैल्या दिशी वटीच हुती," ती म्हणाली. "मागनं मनात आलं, ह्यात तळ्याचं बी भलं हाय. आता निम्मं काय आन् निम्मं काय, ते मला न्हाय सांगता यायचं."

मलाही सांगता आलं नसतं. मासे कुठून आणता, असं मी विचारलं. ओढ्याच्या तोंडाशी, बुडालेल्या शेताच्या धसकटांत थोडी पिलं होती, तीच दोन बायकांनी जुनं लुगडं धरून गाळून काढलेली. मग बाकीचा काठ सगळा धुंडून झाला, तिकडे काही गावलं नाही. मी रोज परत सोडत होते ती सुस्तावलेली पिलं काठाशीच रेंगाळायची. मी पाठ फिरवली की त्या तीच गोळा करायच्या आणि पुढच्या दगडापाशी न्यायच्या. तेव्हा मला शेपट्यांचा हिशोब लागला. तळ्यात मासे तेवढेच होते. एवढ्या मोठ्या पाण्यात जी काही पिलं जगली होती ती जवळजवळ सगळी या बायका रोज सकाळी माझ्या पदरात घालत होत्या.

तुकाराम दाराशी येऊन उभा होता. मी दोघांना सरळच सांगितलं. आधीचे आकडे मी तसेच लिहिले तर तळं तुमच्याकडे राहील. सोलापुरात कुणाला काही कळणार नाही. खरं लिहिलं तर लिलाव होईल. मी हे का सांगितलं ते मला ठाऊक नाही. बहुतेक त्यांनीच मला खोटं लिहायला सांगावं, म्हणजे ओझं माझ्यावर राहणार नाही, असं मनात असावं. तुकारामने बायकोकडे बघितलं.

गंगूबाई म्हणाली, "ती वटी हुती, बाई. वटीतलं मोजत न्हाईत."

मग तिने सूप पुन्हा उचललं.

रिकाम्या हातांनी

ठरलं ते असं की एक दिवस अख्खा काठ पुन्हा ओढायचा आणि कुणी घागर घेऊन यायचं नाही. बायका आल्याच, पण हात मांडीवर ठेवून काठावर बसून राहिल्या. तुकाराम आणि मी एका दगडापासून दुसऱ्याकडे जाळं ओढत गेलो. जाळ्यात शेवाळ आलं, शिंपले आले, बोटभर झिंगे आले, एकदा कुणाची तरी चप्पल आली. पिलू एकही नाही. दर वेळी जाळं काठाला यायच्या बेताला गंगूबाई तोंड फिरवून बसायची. पाहुणीचं जाळं रिकामं वर येताना तिला बघवत नव्हतं. एकदा तिचा हात नकळत काखेतल्या नसलेल्या घागरीकडे गेला आणि ती तशीच थांबली. मला त्या क्षणी वाटलं, हे सगळं बंद करावं, तिला म्हणावं, आण तुझी घागर. पण मी दोर ओढत राहिले.

ओढ्याच्या तोंडाशी नकाशात दगड नव्हता, तरी मी तिथेही जाळं टाकायला लावलं. धसकटांत ते फाटलं. तिथे थोडी पिलं मिळाली, त्यातली बरीचशी कापलेल्या शेपटीची, बायकांनी आदल्या दिवशी परत नेऊन सोडलेली. तेवढीच मी वहीत लिहिली. आधीच्या सगळ्या दिवसांवर काट मारली आणि कारण लिहिलं की ते मासे आणून सोडलेले होते.

निघताना गंगूबाई गाडीपाशी आली. या खेपेला तिने रीतसर माझ्या पदरात ज्वारी आणि नारळ घातला, कुंकू लावलं. आमच्याकडच्या पद्धतीने मी त्यातले चार दाणे उचलून तिच्या पदरात टाकले. ती क्षणभर दचकली. बाकीचं मी घट्ट बांधून घेते आहे हे तिने नीट बघून घेतलं, आणि मग गाडी हलू दिली.

पुन्हा सात रस्ता

साहेबांनी अहवाल वाचला, काट मारलेल्या पानांवर बोट ठेवून मला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्यांना नीट कळलं नाही. मासे होते आणि नव्हते, असं कसं, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, तसंच आहे. ओढ्याच्या बाजूला आणखी बीज सोडावं आणि वर्षभर कुणीच जाळं टाकू नये, असं मी शेवटी लिहिलं होतं. ते त्यांनी वर पाठवलं. वरून उत्तर आलं ते लिलावाचं. त्या दिवसांत मला खाली मागांची खटखट नकोशी झाली होती. आपण खरं बोललो की नुसतं पट्टीने मोजलं, हेच मला समजेना.

माझी नोकरी संपायच्या सुमारास तुकाराम ऑफिसच्या दाराशी येऊन उभा राहिला. धुतलेलं धोतर, हातात काठी. मी त्याला समोरच्या टपरीवर चहाला नेलं. काय ऐकायला मिळणार या भीतीने आधी बैलांची चौकशी केली. तोच म्हणाला, "तळं आमच्याकडंच ऱ्हायलं, बाई."

ते कसं, असं मी विचारलं. लिलावाला शहरातले ठेकेदार आले होते. त्यांनी आधी माझा अहवाल वाचून घेतला. मासाच नाही तर बोली पाण्यावर लावायची काय, असं म्हणून आल्या पावली परत गेले. दुसरं कुणी बोललं नाही. मग तळं पहिल्यासारखंच भोयांच्या सोसायटीकडे राहिलं. आधीचे भरगच्च आकडे मी तसेच ठेवले असते तर तळं त्यांच्याकडे राहिलं असतं, आणि ते भरलेलं आहे अशी हाकाटी झाल्यावर ठेकेदारांनी ते किती दिवस त्यांच्याकडे राहू दिलं असतं, कुणास ठाऊक. हा हिशोब मी अजून करते आहे.

"कुनाला नको झालं म्हनून आमचं हाय," तुकाराम म्हणाला आणि हसला. मला हसू येईना. एवढं मोठं रिकामं पाणी, आणि ते त्यांचं. त्याच्या दृष्टीने ते पुरेसं दिसत होतं. बशीतला चहा संपवून तो उठला, काठी घेतली, दोन पावलं गेला आणि निरोप राहिल्यासारखा परत आला.

"गंगूनं सांगितलंय," तो म्हणाला. "बाईला म्हनावं, पुन्यांदा या. पन ह्या बारीला जाळं आनू नका. नुसतं या."

मी येईन म्हटलं आणि मला एकदम रडू फुटलं. सात रस्त्यावर भर बाजारात मी उभी राहून रडत होते आणि तो बिचारा पुन्हा आभाळाकडे बघत होता. यंदा पाऊस झाला की मी जाणार आहे. जाळ्याशिवाय त्या पाण्यापाशी जाऊन मी करणार काय, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.